आत्याच्या एक्केचाळीस वह्या

आत्या गेली त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत वाईच्या घरी भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत बोलून दाखवली. एवढा आजार जन्माला पुरला, पण तिने तो कधी मनावर घेतला नाही, असे ते सगळे म्हणत होते. बोलणाऱ्यांच्या मनात तिच्याविषयी आदरच होता आणि त्या दिवसांत कुणाचे बोलणे खोडून काढण्याची माझी मनःस्थितीही नव्हती. पण ते खरे नव्हते. आत्याने आजार मनावर घेतला होता. वयाच्या अकराव्या वर्षापासून सदुसष्टाव्या वर्षापर्यंत, सणवार, परीक्षा, प्रवास, सुतक, लग्नकार्य असे काहीही असले तरी एकही दिवस न चुकवता मनावर घेतला होता, आणि तिला जे भरभरून जगता आले ते या न चुकण्याच्या जोरावर. माजघरातल्या फडताळात तिच्या एक्केचाळीस वह्या आहेत. त्या चाळल्यापासून हे लिहून ठेवल्याशिवाय मला राहवत नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचा जन्म १९५२ चा. १९६३ च्या पावसाळ्यात ती रात्री चार-चार वेळा उठून माठातले पाणी पिऊ लागली, पोटभर जेवूनही वाळत चालली आणि शाळेत बाकावर डोके टेकून झोपू लागली. आजीच्या लक्षात मात्र आधी आल्या त्या मोरीतल्या मुंग्या. सकाळी मोरीच्या कडेने मुंग्यांची रांग लागलेली असे आणि पाणी ओतून ती घालवली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलेली असे. ‘मधुमेह’ या नावातच ही खूण सांगून ठेवलेली आहे, पण तो म्हाताऱ्या, सुखवस्तू माणसांचा रोग अशी घरात सगळ्यांची समजूत होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले की या मुलीच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही आणि ते रोज बाहेरून टोचावे लागेल. आजोबांनी विचारले, किती दिवस? डॉक्टरांनी उत्तर दिले, ही जगेल तितके दिवस.

आज या प्रकाराला टाइप वन म्हणतात. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, आणि त्याचा गोड खाण्याशी, लाडाशी किंवा आळसाशी काही संबंध नसतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘लहानपणी फार गोड खाऊ घातलेत’ हा बोल आजीने पुढची तीस वर्षे ऐकला आणि तो खोटा आहे हे कळल्यावरसुद्धा तिच्या मनातून तो पुरता गेला नाही.

त्या काळातले इन्शुलिन गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढलेले असे. आमचे घर सोवळ्याओवळ्याचे, स्वयंपाकघरात अंडेसुद्धा न येणारे. आजोबांनी ही गोष्ट आजीपासून लपवली नाही. आजी एक दिवस काही बोलली नाही आणि दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून मोसंबी आणवली. डॉक्टरांनी तिला मोसंब्यावर सुई टोचण्याचा सराव करायला सांगितले होते, कारण मोसंब्याची साल आणि माणसाची कातडी सुईखाली साधारण सारखी लागते. आठवडाभर मोसंब्यात पाणी टोचून झाल्यावर आजीने आपल्या लेकीला पहिले इंजेक्शन दिले. त्यानंतर दोन वर्षे तीच देत असे. तेराव्या वर्षी आत्याने सिरिंज आपल्या हातात घेतली आणि पुन्हा कुणाच्या हातात दिली नाही.

काचेची सिरिंज आणि पोलादी सुई रोज सकाळी एका लहान पातेल्यात उकळली जाई. सुई बोथट झाली की ती सहाणेसारख्या बारीक दगडावर घासून धार लावावी लागे. घरात फ्रिज आला १९७८ मध्ये. तोपर्यंत इन्शुलिनची बाटली माठाच्या तिवईखाली, ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात राही आणि मडक्यावर ओले फडके असे. उन्हाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा फडक्यातले पाणी भराभर वाळते आणि मडके चांगले गार राहते. पावसाळ्यात ते तितके गार होत नाही, पण वाईच्या पावसाळ्यात हवाच मुळी गार. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्या घराच्या भिंती हलल्या, फळीवरची भांडी खाली आली आणि सगळे अंधारात अंगणात धावले. आजीने दागिन्यांचा डबा आतच ठेवला होता. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कुशीत ते मडके होते. हे आत्या सांगायची, आणि सांगताना दर वेळी आवाज थोडा खाली आणायची.

वह्या सुरू होतात १९६४ मध्ये. त्या शाळेच्या शंभर पानी वह्या आहेत, आणि प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने आहेत: तारीख, वेळ, युनिट, खाणे आणि ‘रंग’. हा ‘रंग’ काय ते आजच्या मुलांना सांगावे लागेल. रक्तातली साखर घरी मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. परीक्षानळीत निळे बेनेडिक्ट द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. द्रावण निळेच राहिले तर लघवीत साखर नाही. साखर जसजशी जास्त, तसतसा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होत जाई. वह्यांत ही सगळी वर्षे नि, हि, पि, ना, वि अशा एकेका अक्षरात उतरली आहेत. मॅट्रिकच्या परीक्षेच्या आठवड्यात ‘वि’च्या रांगा आहेत. माझ्या वडिलांच्या लग्नाच्या पानावर सकाळी ‘हि’, रात्री ‘वि’ आणि खाण्याच्या रकान्यात ‘जिलबी १, आग्रहास्तव नव्हे’ असे लिहिले आहे.

या तपासणीत एक मोठी उणीव होती. लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची स्थिती, आणि रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. साखर घटत चालली असेल तर नळी निळीच राहते, आणि तो निळा रंग निर्धास्त करणारा आहे की धोक्याचा आहे हे नळी पाहून कळत नाही. ते आत्याला स्वतःच्या अंगावरून ओळखावे लागे: ओठाभोवती बधिरपणा, मानेवर गार घाम, मन एकाच गोष्टीवर अडकून बसणे. तिने तीस वर्षे याच अंदाजावर काढली. मी नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी ती माझी वेणी घालत होती आणि केसांची तीच बट पुन्हा पुन्हा विंचरत राहिली. मी मागे वळून पाहिले तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते आणि नजर माझ्याकडे असून माझ्यावर नव्हती. घरातल्या आम्हा सर्व मुलांना तिने काय करायचे ते पढवून ठेवले होते. मी देवघराशेजारच्या कोनाड्यातला पिठीसाखरेचा डबा आणला, दोन चमचे पाण्यात ढवळले आणि पेला तिच्या ओठांना लावला. खडीसाखर विरघळायला वेळ घेते म्हणून डब्यात पिठीसाखरच असली पाहिजे, हा तिचा दंडक होता. दहा मिनिटांनी तिने कंगवा उचलला, वेणी पुरी केली आणि वहीत नोंद केली: ‘६.४०, साखर २ चमचे, चिमणीने दिली.’ चिमणी म्हणजे मी. ती वही मला परवा सापडली.

१९७१ चे एक पान मात्र कोरे आहे. बाहेरगावाहून आलेल्या एका औषधवाल्याने आपल्या काढ्याने सुई कायमची सुटेल असे सांगितले, नातेवाइकांपैकी काहींनी आजीच्या मागे लकडा लावला आणि मुलीच्या लग्नाच्या काळजीने आजी त्याला बळी पडली. इन्शुलिन बंद केल्याच्या तिसऱ्या दिवशी आत्याला उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि वेगाने चालू लागला आणि श्वासाला सडलेल्या फळासारखा वास येऊ लागला. तिला साताऱ्याला नेले तेव्हा ती बेशुद्ध होती. ती वाचली. घरी परतल्यावर तिने वहीतली ते नऊ दिवस आखून ठेवलेली जागा तशीच कोरी ठेवली आणि पुढच्या पानावर पुन्हा रकाने आखले. आजीला तिने कधीही दोष दिला नाही. पण पुढे कुणीही कारल्याच्या रसाची किंवा जांभळाच्या बियांची गोष्ट काढली की ती उठून आत जाई. एरवी अत्यंत आर्जवी असलेल्या तिच्या स्वभावातला हा एवढाच कठोरपणा होता आणि मला तो संपूर्ण योग्य वाटतो.

लग्नाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आजोबा आजार न लपवता स्थळे पाहत होते, त्यामुळे स्थळे परत जात होती. एका ठिकाणी ठरले आणि सुपारी फुटण्याआधी मोडले. त्यानंतर आत्याने स्वतःच हा विषय थांबवायला लावला. ती बी.एससी., बी.एड. झाली आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली. पस्तीसएक वर्षे तिने सातवी ते दहावीच्या मुलींना गणित शिकवले. तिच्या टेबलाच्या खणात खडूंच्या डब्याशेजारी साखरेचा डबा असे आणि प्रत्येक वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या दोघींना तो कशासाठी आहे हे ठाऊक असे. तिने ही गोष्ट कधी लपवून ठेवली नाही. चार मुलींना माहीत असले तर माझे चार हात होतात, असे ती म्हणायची.

१९८८ मध्ये तिने आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, बिनपगारी रजा काढून. डॉक्टरांनी नको म्हटले, वडिलांनी नको म्हटले, आजी गप्प राहिली. आत्याने दोन महिने आधीपासून रोज पसरणीच्या रस्त्याने चालण्याचा सराव केला, आणि किती मैल चालल्यावर इन्शुलिन किती कमी घ्यावे लागते याचे स्वतःपुरते कोष्टक तयार केले. ते कोष्टक वहीच्या मलपृष्ठावर आहे. वारीत अडचण होती ती जेवणाच्या वेळेची. त्या काळातले इन्शुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे असे, पण दिंडीतले जेवण मुक्कामी पोहोचल्यावर, चूल पेटल्यावर आणि भाकरी झाल्यावरच व्हायचे, आणि ते कधी होईल हे कुणी सांगू शकत नसे. टोचून घेतल्यावर पंगत तासभर लांबली तर प्राणाशी गाठ होती. म्हणून तिने पुस्तकी नियम मोडला आणि पत्रावळीवर भाकरी पडलेली डोळ्यांनी पाहिल्यावरच सुई घ्यायची असे ठरवले. साखर थोडी चढेल, पण मी उभी राहीन, असा तो हिशोब होता. इन्शुलिन थर्मासमध्ये बर्फात असे. बर्फाला बाटली थेट लागून ते गोठले तर वाया जाते, म्हणून बाटलीला सुती फडके गुंडाळलेले असे. सासवडला, लोणंदला, फलटणला रसवंतीवाल्यांनी तिला बर्फ दिला आणि एकानेही पैसे घेतले नाहीत.

पुण्याहून सासवडचा टप्पा लांबचा आणि त्यात दिवे घाटाची चढण. घाटाच्या मध्यावर तिचे पाय थरथरू लागले. शेजारून चालणाऱ्या, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईंनी तिचा चेहरा पाहून विचारले, “माउली, बसता का?” आत्या कठड्याला टेकली, तिने साखर खाल्ली, शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, पंधरा मिनिटे थांबली आणि पुन्हा चालू लागली. रोज रात्री राहुटीत ती बॅटरीच्या उजेडात लहानशा आरशात आपले तळवे पाहून घेई, कारण अशा रुग्णांच्या पायाला झालेला साधा फोडही कळत नाही आणि चिघळतो. एकादशीला उपवास करता येणार नाही हे तिने दिंडीप्रमुखांना आधीच सांगितले होते. ते म्हणाले, “माउली, तुम्ही औषध म्हणून जेवा.” पंढरपूरला पोहोचल्याच्या दिवशी वहीत विठ्ठलाविषयी काही लिहिलेले नाही. चंद्रभागेचे स्नान, दर्शनाच्या रांगेत किती तास उभी राहिली ते, आणि रंगाच्या रकान्यात ‘नि’ एवढेच आहे. ते ‘नि’ मात्र तिने दोनदा गिरवले आहे. पुढे ती आणखी तीन वेळा वारीला गेली.

गोडाच्या बाबतीत लोकांनी तिला फार त्रास दिला. लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला तिच्या ताटाकडे चार डोळे लागलेले असत आणि कुणीतरी मोठ्याने विचारीच, “तुला चालते का हो हे?” ती शांतपणे सांगे, “चालते, पण मोजून चालते.” दिवाळीचे अनारसे आमच्या घरी तिच्याच हातचे. अर्धा अनारसा ती खाई, आणि त्या अर्ध्यासाठी सकाळच्या भातातले किती घास कमी केले होते ते तिलाच ठाऊक असे. एका फुलक्यात साधारण १५ ग्रॅम कर्बोदके धरून ती तोंडी हिशोब करायची, आणि शेजारी बसलेल्याला तो चाललेला कळतही नसे.

माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. २००४ मध्ये तिने मला पुण्याहून सिरिंजचा पुडा आणायला सांगितला आणि मी नारिंगी टोपणाच्या आणल्या. आपल्याकडे बाटलीतले इन्शुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिट असते आणि त्याच्या सिरिंजला लाल टोपण असते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या मापाची. त्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत औषध भरले तर शरीरात प्रत्यक्ष आठच युनिट जातात. अशा चुकीने माणूस दोन दिवसांत आजारी पडू शकतो, आणि बाटली व सिरिंज यांची अदलाबदल उलट झाली तर अडीचपट औषध जाऊन जीवही जाऊ शकतो. आत्याने पुडा उघडला, सिरिंज खिडकीकडे धरली, रेघा मोजल्या आणि टोपण पुन्हा लावले. ती रागावली नाही. तिने मला शेजारी बसवून दोन्ही सिरिंज हातात दिल्या आणि रेघा मोजायला लावल्या. गणिताच्या बाईंसारखी ती मी मोजून होईपर्यंत थांबली.

१९९४ मध्ये परदेशातून आलेल्या एका नातेवाइकाने तिला ग्लुकोमीटर दिला. त्या दिवसापासून वहीतली अक्षरे संपतात आणि आकडे सुरू होतात. पहिला आकडा २११ आहे. त्याच सुमारास डॉक्टरांनी तिला अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाविषयी सांगितले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने सिद्ध केले होते की साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडे यांची हानी बरीच टळते. तिच्या आजाराला तेव्हा तीस वर्षे झाली होती आणि डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्रावाचे ठिपके दिसू लागले होते. ज्या अचूकपणासाठी ती लहानपणापासून धडपडली, तो साधण्याचे साधनच तिला तीस वर्षे उशिरा मिळाले. या गोष्टीचे मला फार वाईट वाटते आणि ते वाटू नये असा प्रयत्नही मी करत नाही. लेझरचे उपचार झाले, डाव्या डोळ्याची कडेची दृष्टी गेली, उजवा डोळा वाचला. त्यानंतर वहीतली अक्षरे मोठी झालेली दिसतात.

२०१६ च्या हिवाळ्यात मी वाईला गेले होते. वही पाहताना मला दिसले की वर्षभरात तिचे इन्शुलिन हळूहळू कमी होत जवळजवळ निम्म्यावर आले आहे. मी आनंदाने म्हणाले, “आत्या, अगं, डोस किती कमी झाला तुझा!” ती पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिने शेंगा बाजूला ठेवल्या नाहीत. “इन्शुलिन शरीराबाहेर काढायचे काम मूत्रपिंडेही करतात,” ती म्हणाली. “ती थकली की ते रक्तात जास्त वेळ राहते, म्हणून कमी पुरते.” मग तिने माझ्याकडे पाहिले आणि सुपातल्या निम्म्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. आम्ही दोघींनी त्या सोलून संपवल्या.

पुढच्या तीन वर्षांत ती थकत गेली, पण शिकवणे सुटले नाही. निवृत्तीनंतर तिच्याकडे एक वेगळाच वर्ग भरू लागला होता. तालुक्यातल्या कुठल्याही घरात लहान मुलाला हा आजार निघाला की कुणीतरी त्या आईबापांना आमच्या घराचा पत्ता सांगे. रडवेले होऊन आलेल्या त्या माणसांना ती आधी चहा देई आणि मग लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगे. टोरोंटोच्या रुग्णालयात मरणाच्या दारात असलेला तो चौदा वर्षांचा मुलगा, ज्याला जानेवारी १९२२ मध्ये जगात सर्वप्रथम इन्शुलिन टोचले गेले आणि जो त्यानंतर तेरा वर्षे जगला. नंतर ती स्वतःचे वय सांगे. इन्शुलिनच्या संशोधकांपैकी एक असलेल्या बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन, आणि आपल्याकडे तोच बालदिन. त्या दिवशी ही सगळी मुले तिच्या अंगणात जमत आणि डबे उघडण्याआधी रांगेत बसून आपापली साखर तपासत.

२०१९ च्या डिसेंबरात ती झोपेतच गेली. हृदय थांबले, असे डॉक्टर म्हणाले. एक्केचाळिसाव्या वहीतले शेवटचे पान आदल्या रात्रीचे आहे. अक्षर मोठे, ओळी किंचित वर चढलेल्या. ‘रात्री ८.१५. साखर १४२. ६ युनिट. ज्वारीची भाकरी १, मेथी, ताक. गुरुवारी नव्या मुलीची आई शिकायला येणार. दोन मोसंबी आणणे.’

ती बाई गुरुवारी आली. आठ वर्षांची मुलगी तिचे बोट धरून दारात उभी होती. झाले ते त्यांना ठाऊक नव्हते. मी त्यांना आत बसवले आणि बाजारात जाऊन मोसंबी आणली.